'पुष्पक' : वाचिकाविना शृंगार

सिंगीतम श्रीनिवास राव यांचा 'पुष्पक' (१९८७) हा चित्रपट सर्रास मूकपट म्हणून ओळखला जातो. ही ओळख काटेकोर नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मधील (१९१३) पात्रे बोलत असत. ते बोलणे ऐकू येत नसे, म्हणून मधल्या पाट्यांवर लिहून दाखवावे लागे. 'पुष्पक'मध्ये अशा पाट्या नाहीत आणि शहराचे आवाज मात्र भरपूर आहेत. भरताच्या परिभाषेत सांगावयाचे तर चतुर्विध अभिनयापैकी वाचिक तेवढा दिग्दर्शकाने वर्ज्य केला आहे.

कर्नाटकात 'पुष्पक विमान', तमिळनाडूत 'पेसुम पडम', हिंदीत 'पुष्पक'. शीर्षकाखेरीज भाषांतर करण्यासारखे येथे काही नाही. बसवनगुडीत राहणाऱ्या, गांधी बझारात भाजी घेताना दोन-तीन भाषांत अडखळणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला याचे अप्रूप वाटणारच. परंतु भाषेचा अडसर दूर झाला, एवढ्यावर या कलाकृतीची थोरवी उभी करणे मला अपुरे वाटते.

कथानक थोडक्यात असे. बंगळुरातील एक बेकार तरुण (कमल हासन) रस्त्यात पडलेल्या मद्यधुंद श्रीमंताला (समीर खक्कर) आपल्या खोलीत डांबून ठेवतो आणि पंचतारांकित हॉटेलात त्याच्या जागी राहू लागतो. तेथे एका जादूगाराची मुलगी (अमला) त्याला भेटते आणि दोघे प्रेमात पडतात. आता हा नायक बोलू लागला असता तर त्याचे पहिलेच वाक्य खोटे ठरले असते. नाव विचारले जाताच प्रेमाला फसवणुकीचे रूप आले असते. हातवारे आणि नजर यांच्या आश्रयाने मात्र त्याचा भाव खरा राहू शकतो. मौन ही येथे केवळ चमत्कृती नव्हे, तर त्या शृंगाराची नैतिक अट आहे.

हॉटेलातील शांततेत या तरुणाला झोप येत नाही. आपल्या जुन्या खोलीशेजारच्या चित्रपटगृहातील हाणामारीचा गोंगाट तो ध्वनिफितीवर उतरवून आणतो आणि तो लावून निजतो. प्रेक्षक खळखळून हसतात. परंतु वेषांतर केलेल्या माणसाचे खरे घर त्याच्या कानात असते, हे एकाही शब्दावाचून सांगणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. त्यापुढे बर्फाच्या सुऱ्याने खून करू पाहणाऱ्या मारेकऱ्याचे (टिनू आनंद) उपकथानक कल्पक असले, तरी उपरे वाटते. भेटवस्तूच्या वेष्टनातील मलमूत्राचा विनोदही नको तितका लांबला आहे.

मद्यपी श्रीमंत, फूल, श्रीमंतीचा आभास ही सामग्री चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'ची (१९३१) आठवण करून देते. तेथे दृष्टी लाभलेली फूलवाली हाताच्या स्पर्शावरून आपल्या उपकारकर्त्याला ओळखते. 'पुष्पक'मध्ये सत्य नायिकेला आधीच कळलेले असते. निघताना ती गुलाबाभोवती आपला पत्ता लिहिलेला कागद गुंडाळून त्याच्याकडे टाकते. खोट्याचे सावट सरल्यावर, शब्दाची खरी गरज प्रथमच निर्माण झालेली असताना, तो एकमेव शब्द वाऱ्याने उडून जातो. तरुणाकडे फूल उरते आणि तो पुन्हा नोकरीच्या रांगेत जाऊन उभा राहतो.