मेंदूचा गंज : एका रूपकाची चिकित्सा

'बुद्धीला गंज चढणे' हा मराठीतील जुना वाक्प्रचार आहे. वापराअभावी मंद झालेल्या बुद्धीस तो लावला जातो. रसायनशास्त्राशी त्याचा काही संबंध नाही. अलीकडच्या आरोग्यविषयक मराठी लेखनाने मात्र तो शब्दशः घेण्यास आरंभ केला आहे. प्राणवायूमुळे लोखंड गंजते, तद्वत् मेंदूही गंजतो. हळद, ब्राह्मी, द्राक्षे यांतील प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये हा गंज थोपवितात. यास्तव ती नित्य सेवन करावीत, असा हा युक्तिवाद. या अनुमानाच्या प्रत्येक पायरीवर पुरावा थोडा आणि शब्दाचा जोर अधिक, असे दिसून येते. जीवरसायन हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. परंतु येथे जे बिघडले आहे ते बव्हंशी भाषेत बिघडले असल्यामुळे त्याची तपासणी भाषेच्या अभ्यासकाने करण्यास प्रत्यवाय नसावा.

मूळ शास्त्रीय प्रतिपादन निराधार नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के. परंतु विश्रांतीच्या स्थितीत शरीर जो ऑक्सिजन वापरते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. मज्जापेशींच्या पटलांत बहुअसंतृप्त मेदाम्ले विपुल असतात, आणि एका रेणूपासून दुसऱ्या रेणूकडे साखळीने पसरत जाणारी ऑक्सिडीभवनाची क्रिया त्यांना सहज ग्रासते. मेंदूच्या काही भागांत लोहही बरेच असते. डेनम हार्मन यांनी १९५६ साली वार्धक्याचा संबंध मुक्त मूलकांशी जोडला. १९६९ साली मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड या मूलकाचे विघटन करणारे विकर दाखवून दिले, तेव्हा सजीव पेशीने या संकटाची तजवीज आधीच केलेली आहे, हे स्पष्ट झाले. येथवर तक्रारीस जागा नाही.

अडचण सुरू होते ती नावापासून. लाव्हाझिए यांनी या वायूला दिलेल्या नावाचा अर्थ 'आम्लजनक' असा होतो. सर्व आम्लांत तो असतोच, या समजुतीवर ते नाव आधारलेले होते आणि ती समजूत पुढे चुकीची ठरली. आपण 'प्राणवायू' हा शब्द पत्करला. तो पंचप्राणांच्या कल्पनेतून आलेला, स्तुतिपर शब्द आहे. आता जो प्राण देतो तोच पेशी जाळतो, हे मराठी वाचकाच्या गळी कसे उतरवावे, हा प्रश्न लेखकापुढे उभा राहतो. आणि येथेच 'गंज' त्याच्या मदतीस धावून येतो. गंज सर्वांनी पाहिलेला असतो. गंज चढला की तो वाढतच जातो, लोखंड स्वतः त्याविरुद्ध काही करीत नाही, आणि रंगाचा हात दिला की तो थांबतो.

यांतील एकही गोष्ट पेशीला लागू पडत नाही. पेशी सतत दुरुस्ती करीत असते. एवढेच नव्हे, तर हायड्रोजन पेरॉक्साइडासारखी द्रव्ये अल्प प्रमाणात ती स्वतः निर्माण करते आणि संदेशवहनासाठी वापरते. हेल्मुट सीस यांनी १९८५ साली 'ऑक्सिडीभवनजन्य ताण' ही संज्ञा मांडली, तेव्हा तिच्या व्याख्येत समतोल ढळणे ही कल्पना मध्यवर्ती होती. समतोल म्हटला की दोन्ही पारडी आली. 'गंज' या शब्दाला एकच पारडे आहे; त्यामुळे प्रतिबंधक जितका अधिक तितका बरा, असा निष्कर्ष न सांगताच निघतो.

याहून सूक्ष्म दोष 'प्रतिऑक्सिडीकारक' या शब्दाच्या घडणीत आहे. '-कारक' हा उत्तरपद म्हणून लागला की तो गुण वस्तूच्या ठायी कायमचा आहे असे भासते. पाचक, मारक, तारक यांप्रमाणे. व्याकरणात मात्र 'कारक' ही वस्तूची जात नव्हे, तर क्रियेच्या संदर्भातील भूमिका होय. पातेल्यात शिजते, पातेल्याने शिजवतो, पातेले लवकर शिजवते; वस्तू एकच असून ती अधिकरण, करण वा कर्ता ठरते. रसायनशास्त्राचे म्हणणेही याहून निराळे नाही. क जीवनसत्त्व मूलकांना निष्प्रभ करते. परंतु मोकळे लोह जवळ असेल तर त्या लोहाचे क्षपण करून तेच जीवनसत्त्व नव्या, अधिक दाहक मूलकांच्या निर्मितीस हातभार लावू शकते. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपानी पुरुषांवर केलेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी न होता सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेले आढळले. पाणिनीय परंपरेत वाढलेल्या वाचकाला यात अचंबा वाटण्याचे कारण नाही. अचंबा वाटतो तो त्या परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या लेखनातच हा विवेक नसल्याचा.

आता हळद. 'हळदीतील कर्क्युमिन मेंदूचे रक्षण करते' या वाक्याचे क्रियापद पाहावे. रीतिवर्तमानकाळ, 'सूर्य पूर्वेस उगवतो' यातला. ज्या प्रयोगांवर ते उभे आहे ते बहुतांशी काचपात्रातील पेशींवर किंवा उंदरांवर झालेले. तेव्हा न्याय्य क्रियापद 'केले' हे, आणि त्यामागे 'कोठे, किती मात्रेत' ही क्रियाविशेषणे हवीत. सामान्य हळदपुडीत कर्क्युमिन वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे तीन ग्रॅम हळदीत सुमारे नव्वद मिलिग्रॅम. मनुष्यांवरील चाचण्यांत कित्येकदा दिवसाला दोन ते चार ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिले गेले आहे. तेही आतड्यांतून फारच थोडे शोषले जाते. मिऱ्यातील पायपरिनामुळे हे शोषण २,००० टक्क्यांनी वाढते, हे वाक्य सर्वत्र उद्धृत होते. ते बंगळूर येथील १९९८ च्या अभ्यासातील आहे व खरे आहे. परंतु त्याच अभ्यासात निव्वळ कर्क्युमिन घेतल्यावर रक्तात त्याचे प्रमाण आढळले नाही किंवा अत्यल्प आढळले. नगण्याची वीसपट म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही. कर्क्युमिन अनेक प्रयोगशालेय कसोट्यांत फसवे होकार देते, असा इशारा २०१७ सालच्या एका विस्तृत रासायनिक समालोचनाने दिला. तो मराठीत फारसा पोहोचलेला दिसत नाही. २०१९ साली इटलीत हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांत यकृतदाहाचे रुग्ण नोंदले गेले, हेही नाही. स्वयंपाकातील हळदीवर हा आक्षेप नव्हे. पण विस्मरणाच्या भीतीने आपल्या आईवडिलांसाठी या गोळ्या आणणारा वाचक त्या रीतिवर्तमानकाळावरच विसंबलेला असतो.

मोठ्या चाचण्यांचे फलित संमिश्र आहे, आणि ते संमिश्रच सांगितले पाहिजे. गिंको या वृक्षाच्या पानांचा अर्क ३,०६९ वृद्धांवर तपासला गेला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही. करडई-सूर्यफुलाच्या तेलांत आढळणाऱ्या ई जीवनसत्त्वाने मात्र, मोठ्या मात्रेत, सौम्य ते मध्यम अल्झायमर झालेल्या रुग्णांच्या दैनंदिन क्षमतेची घसरण काहीशी मंदावली, असे २०१४ साली अमेरिकेतील माजी सैनिकांवरील चाचणीत दिसले. स्मृतीत फरक पडला नाही. त्याच जीवनसत्त्वाने सौम्य बोधनक्षीणतेचे अल्झायमरमध्ये होणारे रूपांतर मात्र रोखले नव्हते, हे २००५ सालीच कळले होते. उलट, ब्रोकोलीतील सल्फोराफेनसारखी काही वनस्पतिद्रव्ये स्वतः मूलके न टिपता पेशीला किंचित डिवचतात आणि तिची आपली विकरे जागी करतात, असे आता मानले जाते. हे खरे असेल तर 'कवच' हा शब्दही टाकावा लागेल.

ब्राह्मीच्या बाबतीत गोंधळ द्रव्याच्याही अलीकडचा, नावाचा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मेध्य रसायने म्हणून मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी यांचा निर्देश येतो. ब्राह्मी त्या चौकडीत नाही. महाराष्ट्रात 'ब्राह्मी' म्हणून पुष्कळदा जी वेल दाखविली जाते ती मंडूकपर्णी, म्हणजे आपला कारिवणा, शास्त्रीय नावाने सेंटेला. आधुनिक चाचण्यांतील ब्राह्मी ती बॅकोपा. मराठीत नीरब्राह्मी, पाणथळ जागी वाढणारी. दोहोंची कुळेही भिन्न आहेत. ऑस्ट्रेलियात ७६ प्रौढांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन महिन्यांनंतर नवी माहिती विसरण्याचा वेग कमी झालेला आढळला, शिकण्याचा वेग बदलला नाही. ती वनस्पती बॅकोपा होती. ही चाचणी मराठीत उद्धृत करताना शेजारी कारिवण्याच्या गोल पानांचे चित्र छापले जाते. त्या पानांची चटणी करून खाणाऱ्याला चाचणीतले औषध मिळत नाही, आणि मंडूकपर्णीची जी काही स्वतःची योग्यता असेल ती बॅकोपाच्या नावावर जमा होते. परिभाषाकोशांनी निदान या दोन नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, 'ब्राह्मी' या एका शब्दाखाली दोन्ही वनस्पती देऊन 'पहा' असे लिहून मोकळे होऊ नये.