बंदूक पाहावी घेऊन

आयुष्यात मी विकत घेतलेली सर्वांत धोकादायक वस्तू म्हणजे प्रेशर कुकर. तोही मी एकट्याच्या जबाबदारीवर घेतलेला नाही. आधी वाड्यातल्या वहिनींना विचारलं, मग ऑफिसातल्या चौघांना. एक म्हणाला, "डोळे मिटून घ्या." दुसरा म्हणाला, "घ्या, पण शिट्टीवर विश्वास ठेवू नका." आठवडाभर मी मतं गोळा करत राहिलो आणि शेवटी हिने दुकानात जाऊन, ज्याच्यावर स्टीलचा डबा फुकट होता तो कुकर उचलला.

सांगायचा मुद्दा असा की खरेदीच्या बाबतीत माझं मत आजवर कोणी विचारलेलं नाही. त्यामुळे गेल्या वर्षी पेनसिल्व्हेनियात भाच्याकडे मुक्कामाला असताना तो सकाळी चहाच्या वेळी म्हणाला, "मामा, मी रायफल घ्यायचं म्हणतोय. तुमचं काय मत?" तेव्हा माझ्या हातातली खारी चहात बुडाली, ती वर आलीच नाही.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि शिकारीचा शौक गोष्टींच्या पुस्तकात जाऊन बसला. तिकडचा मामला वेगळा. नोव्हेंबरअखेर हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. पूर्वी तो सोमवारी सुरू व्हायचा, २०१९ पासून शनिवारी होतो. पण खेड्यापाड्यांतल्या कितीतरी शाळा त्या सोमवारची सुट्टी अजून सोडायला तयार नाहीत. सुट्टीच्या बाबतीत मनुष्यस्वभाव सर्वत्र एकच. शिकाऱ्याने डोकं, छाती आणि पाठ मिळून अडीचशे चौरस इंच भडक नारिंगी कापड अंगावर घालायचं असाही नियम आहे. म्हणजे हरणाला नाही दिसला तरी दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसावा. भाच्याच्या कचेरीतली निम्मी मंडळी त्या दिवशी पताका घेतलेल्या वारकऱ्यांसारखी रानात जातात आणि हा एकटा टेबलावर बसून राहतो. दोन वर्षांपूर्वी एक हरीण त्याच्या मोटारीवर आदळलं होतं, त्याचाही राग असावा.

तर रायफल. गावातल्या दुकानात एक जुनी, वापरलेली रेमिंग्टन ७०० त्याने हेरून ठेवली होती. हे मॉडेल १९६२ साली निघालं आणि अमेरिकेत ते घरोघरी पोचलं. किंमत बेताची, नेम सरळ, लाकडी दस्ता आमच्या आजोबांच्या काठीसारखा तुळतुळीत. फक्त तिच्याबद्दल लोकांची मतं दोन प्रकारची होती.

मग आम्ही मतं गोळा करायला निघालो. बंदुकीचे समीक्षक हे पुस्तकांच्या समीक्षकांचे सख्खे भाऊ आहेत, हा शोध मला त्या आठवड्यात लागला.

त्यांच्यातलं पहिलं घराणं 'जुनं ते सोनं'वाल्यांचं. यांच्यापुढे कुठल्याही बंदुकीचं नाव काढा, गाडी १९६४ वर येते. विंचेस्टर कंपनीची मॉडेल ७० ही यांची देवता. पूर्वी तिच्यात काडतुसाची कड एका लांब नखीत धरून ते नळीत सरकवलं जाई. १९६४ मध्ये कारखान्याने खर्च वाचवण्यासाठी ती नखी काढली आणि काडतूस नुसतं ढकलायला सुरुवात केली. दस्त्यावरची नक्षी पूर्वी कोरलेली असे, ती आता शिक्का मारावा तशी दाबून उठवली. झालं! त्या दिवसापासून '६४ च्या आधीची' ही एक पदवी झाली. कंपनीने १९९० नंतर नखी परत आणली तरी ही मंडळी सुतकातून बाहेर आलेली नाहीत. नव्या बंदुकीने हरीण पडत नाही असं त्यांचं म्हणणं नाही. पडतं, पण त्यात ती मजा नाही. हेच वाक्य मी नाट्यसंगीताबद्दल गेली चाळीस वर्षं बोलत आलो आहे, म्हणून मी मान डोलावली.

दुसरं घराणं वजनवाल्यांचं. जॅक ओ'कॉनर नावाचे एक गृहस्थ 'आउटडोअर लाइफ' मासिकात वर्षानुवर्षं बंदुकांवर लिहीत. त्याआधी ते पत्रकारितेचे प्राध्यापक होते, कादंबऱ्याही लिहिलेल्या. त्यांचा जीव १९२५ साली निघालेल्या .२७० विंचेस्टर या काडतुसावर. त्यातली त्यांची आवडती गोळी साधारण साडेआठ ग्रॅमची: हलकी, वेगवान, नेमकी. त्यांचे प्रतिस्पर्धी एल्मर कीथ. भलीमोठी टोपी आणि भलीमोठी गोळी हा त्यांचा बाणा. मोठ्या जनावराला सोळा ग्रॅमच्या आसपासचा ऐवज द्यावा असं त्यांचं मत. दोघेही आयडाहो या एकाच राज्यात राहत आणि छापील कागदावरून एकमेकांना टोले देत. दोघेही केव्हाच वारले. त्यांचे शिष्य अजून भांडतात. आमच्या शेजारच्या दोन सख्ख्या भावांनी याच मुद्द्यावर आमच्यासमोर अर्धा तास वाद घातला, आणि दोघांच्याही फडताळात गेल्या वर्षीच्या हरणाचं मांस होतं.

तिसरं घराणं सर्वांत मोठं. ज्यांनी ती वस्तू स्वतः घेतली आहे ते. स्वतः पैसे मोजलेल्या वस्तूला वाईट म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. जावई आणि बंदूक यांची निंदा घरातल्याने करायची नसते. (या बाबतीत जिम कॉर्बेट भाग्यवान. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली त्यांना .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. भेटीच्या वस्तूबद्दल चारचौघांना विचारावं लागत नाही.)

आठवड्याअखेर भाच्याने वहीत बेरीज केली. चांगलं म्हणणारे सव्वीस, वाईट म्हणणारे तीन. "मामा, बहुमत आहे," तो म्हणाला. मीही लोकशाहीत वाढलेला. मला ते पटलं.

पटलं नाही ते पलीकडच्या घरातल्या आजोबांना. हे गृहस्थ पंचाहत्तरीचे, बाराव्या वर्षापासून रानात जाणारे, बोलायला महाग. त्यांनी वही घेतली, सव्वीस नावांवरून बोट भराभर खाली नेलं आणि तिघांपाशी थांबवलं. "हे काय म्हणतात?"

एक म्हणत होता, दस्ता ओबडधोबड आहे. दुसरा म्हणत होता, थंडीत बोल्ट जड चालतो. तिसऱ्याने फक्त एवढंच सांगितलं होतं की खटका काढताना बंदूक आपोआप सुटली, चापाला बोट लागलं नव्हतं.

आजोबांनी वही मिटली आणि सांगितलं ते असं. या बंदुकीच्या जुन्या चापाबद्दल अशाच तक्रारी कित्येक वर्षं येत होत्या. कंपनीचं म्हणणं एकच, बंदूक सदोष नाही. त्यात १९८२ पूर्वीच्या बंदुकांची रचना अशी की सुरक्षेचा खटका लावलेला असला की बोल्ट उघडत नसे. म्हणजे बंदूक रिकामी करायची तर आधी खटका काढायचा! सुरक्षित होण्यासाठी आधी असुरक्षित व्हायचं. २००० साली मोंटानात एक आई शिकारीहून परतताना बंदूक रिकामी करत होती. तिने खटका काढला आणि गोळी सुटली. चापाला बोट लावलं नव्हतं, असं ती सांगत राहिली. गोळी घोडे न्यायच्या गाडीतून आरपार गेली. पलीकडे तिचा नऊ वर्षांचा मुलगा उभा होता. तो गेला. पुढे खटले झाले. सुमारे पंचाहत्तर लाख बंदुकांचे चाप बदलून देण्याची तडजोड २०१७ मध्ये न्यायालयाने मंजूर केली. दोष मात्र कंपनीने कबूल केला नाही. ती मुदतही आता संपली, आणि २०२० च्या दिवाळखोरीत कंपनीचेच तुकडे विकले गेले.

कोणी काही बोललं नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तेव्हा मी दचकलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दुकानात गेलो. आजोबांनी बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, नळी भिंतीकडे केली, खटका लावला, चाप ओढून सोडला आणि मग खटका काढला. आत काही वाजलं नाही. असं त्यांनी दहा वेळा केलं. दहाही वेळा शांत.

"म्हणजे ही चांगली?" मी विचारलं.

"दहा वेळा चांगली," आजोबा म्हणाले.

त्या दोन शब्दांत माझी सगळी समीक्षा आटोपली. सव्वीस लोक खोटं बोलत नव्हते; त्यांची बंदूक खरोखर चांगली वागली होती. तिसऱ्या गृहस्थालाही खोटं बोलायचं कारण नव्हतं. जो दोष कधीतरीच उगवतो, त्याच्याबद्दल बहुमत नेहमी 'काही दोष नाही' असंच सांगणार. आपण मतांची बेरीज करतो, पण दस्त्याची नक्षी आणि नऊ वर्षांचं पोर या दोन गोष्टी एका रकान्यात मांडायच्या नसतात. कोण किती, हे मोजायच्या आधी वाईट म्हणणारा नेमकं काय म्हणतो, ते ऐकायचं असतं.

दुकानदार म्हणाला, चाप बदलून घ्या, नवा चांगला मिळतो. आजोबा म्हणाले, "बदल. हवं तर दुसरी घे. पण कुठलीही घे, नळी नेहमी अशा दिशेला ठेव, की ती आपोआप सुटली तरी कोणाच्या घरी रडणं होणार नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि हे मी सांगतो म्हणून कारखान्याची चूक माफ होत नाही."

भाच्याने ती बंदूक ठेवून दिली. दुसऱ्या कारखान्याची एक नवी घेतली. तिच्याबद्दल सगळ्या घराण्यांचं एकमत आहे की दिसायला ती कुरूप आहे, प्लॅस्टिकचा दस्ता पाहून रडू येतं. हंगाम संपेपर्यंत त्याला हरीण दिसलं नाही. हिने ऐकून देवापुढे साखर ठेवली. बंदूक नीट वागली म्हणून, की हरीण वाचलं म्हणून, हे मी विचारलं नाही.

पुण्याला परतल्यावर आमचा गिझर गेला. मी दुकानात जाऊन पहिल्यांदाच स्वतंत्र बुद्धीने प्रश्न विचारला, "या कंपनीला वाईट म्हणणारे काय म्हणतात?"

"काका, रंग लवकर उडतो म्हणतात."

"आणि या शेजारच्या?"

"हा एक नंबर! सगळे खूश. एखाददुसरा म्हणतो, पाण्याला करंट येतो. पण ते हजारात एखादं हो!"

ही रंग उडणाऱ्या गिझरकडे वळली सुद्धा. त्याच्यावर डबाही फुकट नव्हता.