चित्राची शुद्धता आणि चित्राचा अनुभव : जुन्या व्हिडिओ खेळांसाठी व्यावसायिक प्रसारण मॉनिटरचा वापर

सारांश : प्रसारण केंद्रांसाठी तयार झालेले कॅथोड किरण नलिकेचे मॉनिटर आज जुन्या व्हिडिओ खेळांच्या रसिकांत सर्वश्रेष्ठ पडदे मानले जातात. या मॉनिटरवरील चित्र हेच खेळाचे मूळ रूप होय, या समजुतीची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : कॅथोड किरण नलिका, व्हिडिओ खेळ, प्रमाण पाठ, माध्यम-जतन

१. प्रस्तावना

दूरचित्रवाणी केंद्रांच्या नियंत्रण कक्षांत आणि संकलन कक्षांत एकेकाळी रांगेने बसवलेले मॉनिटर आज वेगळ्याच कामासाठी शोधले जातात. प्रसारण संस्थांनी सपाट पडदे स्वीकारल्यावर हे संच निरुपयोगी ठरून अल्प किमतीत निकाली निघू लागले. १९८० आणि १९९० च्या दशकांतील निन्टेन्डो, सेगा, सोनी यांच्या यंत्रांवर खेळणाऱ्यांनी ते उचलले आणि पाहता पाहता भंगारातील वस्तूला संग्राह्य वस्तूची किंमत आली. सोनी कंपनीच्या ‘पीव्हीएम’ आणि ‘बीव्हीएम’ या मालिकांना या वर्तुळात विशेष मान आहे. जुना खेळ ‘जसा होता तसा’ याच पडद्यांवर दिसतो, असा या रसिकांचा दावा असतो. हा दावा केवळ छंदाचा विषय नाही. यंत्राधीन कलाकृतीचे मूळ रूप कोणते मानावे, हा समीक्षेचा जुना प्रश्नच त्यातून नव्या रूपात उभा राहतो.

२. व्यावसायिक मॉनिटरचे स्वरूप

घरगुती संच प्रेक्षकाला सुखद चित्र दाखवण्यासाठी तयार होई. व्यावसायिक मॉनिटरचे काम नेमके याच्या उलट होते. संकेतातील दोष अभियंत्याच्या नजरेस आणून देणे, हे त्याचे प्रयोजन. म्हणून त्यात वाहिन्या पकडण्याची सोय नसते. चित्राच्या कडा झाकल्या न जाता संपूर्ण चौकट पाहता यावी यासाठी मात्र वेगळी कळ असते. लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग स्वतंत्र तारांनी आत घेता येतात. १९६८ मध्ये सोनीने आणलेल्या ट्रिनिट्रॉन नलिकेत छिद्रांच्या जाळीऐवजी उभ्या तारांची झडप असते आणि तिच्यामुळे चित्र अधिक उजळ दिसते. या मालिकांतील अनेक मॉनिटरांत हीच नलिका आहे. पीव्हीएम मालिकेतील अनेक संच आडव्या दिशेने ६०० किंवा ८०० रेषांचा तपशील दाखवतात, तर बीव्हीएम-२०एफ१ या संचाची क्षमता ९०० रेषांची आहे. सामान्य घरगुती संच या क्षमतेच्या जवळपासही नसे.

३. दाव्यातील तथ्य

आधुनिक सपाट पडद्यांवर जुने खेळ विद्रूप होतात, यात शंका नाही. एनटीएससी पद्धतीत ५२५ रेषांचे चित्र सम-विषम रेषांच्या दोन अर्धचौकटींत रेखाटले जाई. जुन्या यंत्रांनी ही आंतररेखन पद्धत टाळून सुमारे २४० रेषांचे अखंड चित्र सेकंदाला साठ वेळा पाठवले. कॅथोड किरण नलिका ते निमूटपणे रेखाटत असे. सपाट पडद्यांचे अनेक संच मात्र त्याला आंतररेखित चित्र समजून त्यावर प्रक्रिया करतात आणि परिणामी चित्राला उशीर होतो. उडी मारण्याचा क्षण चुकला की खेळच बदलतो. नलिकेत किरण पुढे सरकतो तसतसे चित्र उमटते व लगेच मावळते, म्हणून हलती आकृतीही रेखीव राहते.

निन्टेन्डोच्या १९८४ मधील ‘डक हंट’ या खेळाचे उदाहरण निर्णायक आहे. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतील प्रकाशसंवेदक तो टिपतो. ही सारी रचना नलिकेच्या तत्परतेवर उभी आहे. सामान्य सपाट पडद्यावर मूळ बंदूक निकामी ठरते. येथे नलिका हा खेळाचाच एक अवयव आहे. व्यावसायिक मॉनिटर ही तत्परता पुरवतो, एवढ्यापुरता रसिकांचा दावा मान्य करावाच लागतो.

४. दाव्याच्या मर्यादा

तथापि ‘मूळ चित्र’ या शब्दापाशी अडचण सुरू होते. १९८३ मध्ये जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रातील चित्रनिर्माती चकती थेट कॉम्पोझिट संकेत निर्माण करते. म्हणजे रंग आणि प्रकाश एकाच तारेत मिसळूनच जन्माला येतात. तिच्यात लाल, हिरव्या, निळ्याची वेगळी मूल्ये नाहीतच. त्यामुळे या यंत्रात फेरफार करून मॉनिटरवर मिळवलेले ‘शुद्ध’ रंग हे फेरफार करणाऱ्याने निवडलेले रंग असतात. मूळ आकाशाची निळाई कोणती, याचे एकच अचूक उत्तर त्या यंत्रातून मिळत नाही.

सेगाच्या १९९१ मधील ‘सॉनिक द हेजहॉग’ या खेळातील धबधबे दुसरी बाजू दाखवतात. ते उभ्या, एकाआड एक रेघांनी रंगवलेले आहेत. कॉम्पोझिट जोडणीत या रेघा एकमेकींत विरघळतात आणि पाण्याला पारदर्शकता येते. स्वतंत्र रंगतारांनी जोडलेल्या मॉनिटरवर मात्र धबधब्याच्या जागी गजांची जाळी दिसते. संकेत अधिक शुद्ध झाला आणि पाणी आटले. मॉनिटरने येथे आपले काम चोख केले आहे. दोष दाखवणे हेच त्याचे काम होते. परंतु ज्याला तो दोष म्हणून दाखवतो, तीच चित्रकाराची युक्ती होती.

काळ्या आडव्या पट्ट्यांबाबतही हेच म्हणता येते. २४० रेषांच्या चित्रात दोन रेषांमध्ये मोकळी जागा राहते. सूक्ष्म किरणाच्या बीव्हीएमवर ती ठळक काळ्या पट्टीसारखी दिसते, तर घरगुती संचावर उजळ रेषा पसरून ती बरीचशी भरून काढी. आज या ठळक पट्ट्या अस्सलपणाची खूण मानल्या जातात. घरच्या संचासमोर खेळलेल्या बहुसंख्यांनी त्या इतक्या ठळक कधीच पाहिल्या नव्हत्या.

हा मुद्दा सरसकट लावता येणार नाही. फ्रान्समध्ये १९८० पासून दूरचित्रवाणी संचांना स्कार्ट जोडणी अनिवार्य झाली. या जोडणीतून युरोपातील अनेक घरांत स्वतंत्र रंगतारांचे स्वच्छ चित्र पोहोचले. व्यापारी खेळघरांतील यंत्रांतही स्वतंत्र रंगतारांचीच नलिका असे. म्हणजे ‘मूळ’ अनुभव देशागणिक, जागेगणिक भिन्न होता.

५. प्रमाण पाठ आणि प्रचलित पाठ

पाठचिकित्सेच्या परंपरेतील एक दाखला येथे उपयुक्त ठरतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी तिच्या संपादनाची तत्त्वे घालून दिली. हस्तलिखितांवरून पोहोचता येईल तितका प्राचीन पाठ निश्चित करणे हे तिचे ध्येय होते आणि व्यासांच्या मुखातील शब्द हाती लागल्याचा दावा तिने केला नाही. शतकानुशतके कथा-कीर्तनांतून लोकांपर्यंत पोहोचलेले महाभारत मात्र प्रचलित पाठाचे होते. दोहोंचे मोल वेगळे आहे आणि एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

व्यावसायिक मॉनिटरवरील चित्र हे खेळाच्या चिकित्सक आवृत्तीसारखे आहे. अभ्यासकाला ते अपरिहार्य आहे, कारण चित्रकाराने ठिपका कोठे ठेवला हे त्यावरच स्पष्ट कळते. मात्र रसिक या आवृत्तीलाच आपल्या बालपणीचा पाठ समजतात, तेव्हा स्मरणरंजन इतिहासाचा वेष घेते.

भारतीय संदर्भात ही तफावत आणखी रुंद आहे. १९९० च्या दशकात येथील मध्यमवर्गीय घरांत पोहोचले ते बहुतांशी फॅमिकॉमच्या नकलेचे यंत्र, ‘टीव्ही गेम’ या नावाने. ते अनेकदा संचाच्या अँटेनाच्या जागी जोडले जाई आणि वाहिनी जुळवता जुळवता चित्रात मुंग्या येत. त्या पिढीच्या स्मृतीतील खेळ हा या खरखरीसह आहे. तिने आज बीव्हीएम पाहून ‘हेच ते’ म्हणावे, यात आनंद असेल, आठवण मात्र नाही.

६. जतनाचा प्रश्न

या भेदाचे परिणाम जतनाच्या क्षेत्रात गंभीर आहेत. सोनीने २००८ मध्ये ट्रिनिट्रॉन संचांचे उत्पादन थांबवले. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) उभ्या राहिलेल्या व्हिडिओकॉन समूहाने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिका व्यवसाय विकत घेतला होता, पण बाजारच ओसरल्याने त्या व्यवसायालाही भवितव्य उरले नाही. शिल्लक नलिका वापरागणिक क्षीण होत जातात.

दक्षिण कोरियातील ग्वाचॉन येथे नाम जून पाइक यांची १,००३ संचांची १९८८ मधील मनोराकृती उभी आहे. सुरक्षेच्या कारणास्तव २०१८ मध्ये ती बंद करावी लागली. २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा बहुसंख्य नलिका दुरुस्त करून वा जुने संच मिळवून राखल्या गेल्या, तर २६६ लहान संचांच्या जागी सपाट पडदे बसवले गेले. तडजोड कोठे करायची हे तेथे उघडपणे ठरवले गेले. व्हिडिओ खेळांच्या बाबतीत ही निवड बाजार परस्पर करीत आहे. दुर्मिळ मॉनिटर जपले जातात आणि ज्यांच्यावर कोट्यवधी मुले खेळली ते साधे संच शिशाच्या काचेसह मोडीत निघतात. चिकित्सक आवृत्ती कपाटात सुरक्षित आणि प्रचलित पाठाच्या पोथ्या रद्दीत, अशी ही अवस्था आहे.

७. निष्कर्ष

व्यावसायिक मॉनिटर जुन्या खेळांच्या अभ्यासाचे उत्तम साधन आहे. त्याची तत्परता आणि प्रमाणबद्धता सामान्य सपाट पडद्यांत आढळत नाही. परंतु त्यावरील चित्राला एकमेव मूळ रूप मानता येत नाही, कारण काही यंत्रांत शुद्ध चित्र अस्तित्वातच नव्हते आणि काही कलाकृतींनी अशुद्धतेचाच कुंचला म्हणून उपयोग केला. संग्रहालयांनी व विद्यापीठांनी किमान काही साधे घरगुती संच त्यांच्या मूळ जोडण्यांसह चालू स्थितीत राखावेत. त्यांच्या चित्रांची मोजमापे व छायाचित्रे व्यावसायिक मॉनिटरच्या शेजारी ठेवून नोंदवावीत. शेवटची नलिका विझल्यावर संगणकीय अनुकरणाला याच नोंदींचा आधार घ्यावा लागेल. त्या नोंदी केवळ बीव्हीएमच्या असल्या, तर पुढील पिढीला सॉनिकचा धबधबा कायम गजांआडच पाहावा लागेल.