वाटेवरचा स्नेह : मराठी प्रवासलेखनातील एकटा प्रवासी आणि त्याचे मैत्र

प्रस्तावना :

मराठी प्रवासवर्णनाची चर्चा करताना आपल्या समीक्षेने प्रामुख्याने दोन बाबींकडे लक्ष दिले आहे. पहिली बाब स्थळवर्णनातील चित्रमयतेची आणि दुसरी लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाच्या आविष्काराची. प्रवासात भेटलेली माणसे बहुधा या दुसऱ्या बाबीच्या खात्यात जमा केली जातात. लेखकाला वाटेत मित्र मिळाले, अनोळखी घरी पान वाढले गेले, निरोपाच्या वेळी कोणाचे डोळे पाणावले, की 'माणसांविषयीचा जिव्हाळा' हा गुण त्याच्या नावे नोंदवून समीक्षक पुढे जातो. ज्या घराने दार उघडले त्या घराने ते का उघडले, आणि तेच दार दुसऱ्या कोणासाठी उघडले असते का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

आज हा प्रश्न विचारणे अधिक निकडीचे झाले आहे. पाठीवर पिशवी टाकून एकट्याने हिंडण्याची ओढ आता केवळ महानगरांतील तरुणांपुरती उरलेली नाही. 'सोलो ट्रिप' हा शब्द लोहारा-उमरगा परिसरातील विद्यार्थ्यांच्याही तोंडी ऐकू येतो. एकट्याने निघावे, मन मोकळे ठेवावे, मित्र आपोआप मिळतात, असा विश्वास त्यामागे असतो. हा विश्वास सर्वस्वी खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे, हे आपलेच प्रवासलेखन बारकाईने वाचल्यास दिसून येते. एकट्या प्रवाशाला लाभणारे मैत्र हे त्याच्या स्वभावाइतकेच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, त्याला स्वीकारणाऱ्या व्यवस्थेवर अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या दृष्टीने वाटेवरील स्नेहाचे तीन टप्पे येथे विचारात घेतले आहेत. पहिल्या टप्प्यात ओळख विचारली जाते, दुसऱ्यात अन्न वाटून घेतले जाते आणि तिसऱ्यात निरोप घेताना पुन्हा भेटण्याचा शब्द दिला जातो.

१. ओळखीचा टप्पा :

आपल्याकडे अनोळखी माणसाशी बोलणे सुरू होते ते 'कुठले तुम्ही?' या प्रश्नाने. सास्तूरच्या माणसाने परमुलखात गावाचे नाव सांगितले, की समोरचा ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाविषयी विचारतो आणि संभाषणाला आस्थेचे वळण लागते. गावाचे नाव अशा वेळी ओळखपत्राचे काम करते. मात्र गावानंतरचा प्रश्न आडनावाचा असतो आणि तेथे वाटा फुटतात.

विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेकडे निघाले, ते ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून. सोबत काका होते. त्यामुळे हा प्रवास काटेकोर अर्थाने एकट्याचा नाही. तथापि परक्या मुलखात अनोळखी माणसांच्या भरवशावर राहण्याचा अनुभव म्हणून 'माझा प्रवास' (१९०७) येथे महत्त्वाचा ठरतो. बंडाच्या धामधुमीत लूटमार सोसूनही गोडसे यांना जागोजाग आसरा मिळतो. वैदिक ब्राह्मण ही ओळख त्यांना यज्ञमंडपापासून झाशीच्या राजवाड्यापर्यंत पोहोचवते. गोडसे यांचे निवेदन रसाळ आहे, स्वभाव संवादी आहे. परंतु ते संवाद करण्यापूर्वीच त्यांच्या बाजूने काहीतरी बोलले गेलेले असते.

याच्या अगदी उलट अनुभव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या इंग्रजीतील 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात आहे. १९०१ मध्ये वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. न्यायला कोणी आलेले नसते. अंगावर चांगले कपडे असल्यामुळे स्टेशनमास्तर आरंभी आस्थेने चौकशी करतो, मात्र मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटतो. दुप्पट भाडे देऊ केल्यावर आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर एक गाडीवान तयार होतो. पुढे रात्र होते, जवळ अन्न असते, पण पाणी मिळत नाही. मुले निष्पाप आहेत, मनाने मोकळी आहेत. प्रवाशाच्या अंगी जे गुण असावेत असे आपण म्हणतो ते सारे येथे आहेत. तरीही मैत्र घडत नाही, कारण ते प्रश्नाच्या उत्तरापाशीच संपते.

याच लेखनातील १९३४ चा दौलताबादचा प्रसंग तर आपल्या मराठवाड्यातला आहे. सहकाऱ्यांसह किल्ला पाहायला गेलेल्या डॉ. आंबेडकरांना तेथील हौदावर हातपाय धुतल्याबद्दल शिवीगाळ ऐकावी लागते. हरकत घेणारे मुसलमान असतात, म्हणजे ही अडवणूक एका धर्मापुरती मर्यादित नव्हती. अखेर कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर आत सोडले जाते आणि सोबतीला शस्त्रधारी शिपाई दिला जातो. प्रवासातील 'सोबत' या शब्दाचा इतका विपरीत अर्थ आपल्या प्रवासवर्णनांनी क्वचितच नोंदवला असेल.

२. अन्नाचा टप्पा :

ओळखीनंतर पंगत येते. नर्मदा परिक्रमेच्या परंपरेत परिक्रमावासीयाला सदावर्त मिळते, 'नर्मदे हर' एवढ्या पुकाऱ्यावर शिधा पुढे येतो. गो. नी. दांडेकर यांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' (१९५७) याच भूमीवर उभी आहे. शीर्षकातील 'कुणा एकाची' हे शब्द अर्थपूर्ण आहेत. परिक्रमेत माणूस नाव बाजूला ठेवून चालतो, आणि त्याला जे मिळते ते व्यक्ती म्हणून नव्हे, तर परिक्रमावासी या भूमिकेमुळे मिळते. या अर्थाने तो एकटा असूनही एकटा नसतो. शतकानुशतके त्या वाटेने गेलेल्यांची पुण्याई त्याच्यापुढे चालत असते. तुळजापूरला आश्विन पौर्णिमेसाठी सोलापूरकडून आणि कर्नाटकातून पायी येणाऱ्या भाविकांना रस्त्याकडेला चहा, फळे, जेवण देणारे गावकरी आपण दरवर्षी पाहतो. येथेही देणारा आणि घेणारा परस्परांना नावाने ओळखत नाहीत. ही उदारता खरी आहे, पण तिला मैत्री म्हणावे का?

वारीमध्ये हा प्रश्न अधिक टोकदार होतो. वारकरी एकमेकांना 'माउली' म्हणतात. या एका संबोधनाने नाव, गाव, आडनाव यांची गरजच उरत नाही. नवख्या माणसाला वाटेवर सामावून घेण्याची एवढी सोपी रीत अन्यत्र क्वचितच आढळेल. दि. बा. मोकाशी १९६१ मध्ये आळंदीहून पालखीसोबत निघाले ते वारकरी म्हणून नव्हे, तर कुतूहल असलेला पाहणारा म्हणून. 'पालखी' (१९६४) या पुस्तकाचे वेगळेपण असे, की मोकाशी आपले हे उपरेपण लपवत नाहीत. श्रद्धाळूंमध्ये मिसळूनही आपण त्यांच्यातले झालो असा दावा ते करत नाहीत. एकट्या प्रवाशाने सोबत्यांशी राखायच्या प्रामाणिकपणाचा हा नमुनाच म्हणावा लागेल.

परंतु 'माउली' हे संबोधन चालण्यापुरते पुरते. चुलीपाशी पोहोचले की अपुरे पडते. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' (१९४९) मधील 'वाटचाल' हा लेख नेमका येथे बोट ठेवतो. दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायका एकाच देवाचे नाव घेत चालतात, पण जेवायला वेगळ्या बसतात. लेखिकेला हा वेगळेपणा सलतो. ती मराठा बायकांबरोबर जेवते आणि त्यानंतर त्यांच्या वागण्यात फरक पडलेला तिला जाणवतो. त्या हात धरून चालू लागतात, घरच्या गोष्टी सांगतात, 'ताई' म्हणू लागतात. मैत्रीचा आरंभ येथे गोड बोलण्याने होत नाही, एका पंगतीत बसण्याने होतो. आपल्या समाजात पंगत बदलणे ही लहान गोष्ट नव्हती. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळाचा ताण ध्यानात येतो.

३. निरोपाचा टप्पा :

'वाटचाल'मधील खरा कसोटीचा क्षण त्याहून पुढे आहे. वारी संपत आलेली असताना बायका पुण्याला भेटायला येण्याचे बोलतात. तेव्हा एक मुलगी विचारते, की आत्ता वागता तसेच तेव्हाही वागाल का? मराठी प्रवासलेखनात एकट्या प्रवाशाला विचारलेला याहून अवघड प्रश्न प्रस्तुत अभ्यासकाच्या वाचनात नाही. लेखिकेला तो जिव्हारी लागतो, आणि हजारो वर्षे शेजारी राहूनही आपण परस्परांचे झालो नाही या जाणिवेपाशी ती येऊन थांबते. कर्वे यांचे मोठेपण असे, की हा प्रश्न त्यांनी गाळला नाही. त्यावर 'हो' असे सोपे उत्तरही रचले नाही. मात्र समीक्षेने एक गोष्ट नोंदवायला हवी. हा प्रश्न विचारणारी मुलगी लेखात नावाने येत नाही. वाटेवरचा मित्र बहुधा असाच असतो. लिहिणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर राहते, भेटलेल्याचे राहत नाही.

निरोपानंतरही टिकलेल्या स्नेहाचे उदाहरण म्हणून पंडिता रमाबाई यांचा अमेरिकेतील प्रवास पाहता येतो. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाच्या निमित्ताने त्या लहान मुलीला घेऊन तेथे गेल्या. त्यांना बोलावले ते आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचेल बॉडली यांनी. म्हणजे येथेही आधीच्या ओळखीची साखळी आहेच. पण रमाबाईंनी त्या ओळखींना केवळ पाहुणचारावर थांबू दिले नाही. १८८७ मध्ये बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी संस्था स्थापन झाली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) हे पुस्तक या पार्श्वभूमीवर वाचले, तर वाटेवरचा स्नेह टिकण्यासाठी पत्ता, पत्रव्यवहार आणि दोहोंनी मिळून उचललेली जबाबदारी लागते, हे ध्यानात येते.

सास्तूर परिसरालाही या टप्प्याचा अनुभव आहे. १९९३ च्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली, अनेक गावे नव्या जागी वसली. त्या काळात महाराष्ट्राच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून अनोळखी माणसे पाठीवर पिशव्या घेऊन येथे आली. एरवी पाहुण्याला वाढणारे हात तेव्हा घेणारे झाले होते. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले असता मैत्री कोणती आणि मदत कोणती, यातील भेद लवकर कळतो. मदत देऊन गेलेल्यांविषयी कृतज्ञता राहते, पुन्हा येऊन विचारपूस करणाऱ्यांची नावे राहतात.

४. वर्गवारीचा प्रश्न :

येथे आणखी एका मुद्द्याचा विचार आवश्यक ठरतो. मराठीत सर्वाधिक चाललेली माणसे कोणती? लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) मध्ये कैकाड्यांचे कुटुंब गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरते. तरीही ग्रंथालयात हे पुस्तक आत्मकथनाच्या कपाटात असते, प्रवासवर्णनाच्या नव्हे. वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने हे योग्य असेलही. परंतु त्यातून एक गृहीतक उघड होते. परतायला घर असेल तरच चालण्याला आपण 'प्रवास' म्हणतो. ज्याला परतायचे नाही, त्याच्या वाटेवर भेटलेली माणसे आपल्या विवेचनात येतच नाहीत. एकटेपणा स्वेच्छेने पत्करणे हीदेखील एक मिळकत आहे, हे भान त्यामुळे सुटते.

स्त्रियांच्या संदर्भात हे भान विशेष आवश्यक आहे. मीना प्रभु (निधन २०२५) यांनी 'दक्षिणरंग', 'तुर्कनामा', 'इजिप्तायन' यांसारख्या पुस्तकांतून मराठी बाईला एकटीने जग हिंडण्याचे धाडस दाखवले आणि वाचकांनी ते मनापासून स्वीकारले. त्यांच्या लेखनाचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते, की परदेशातील वास्तव्य, वैद्यकीय पेशा आणि आर्थिक स्वावलंबन ही त्या धाडसाची पायाभरणी होती. एस.टी.ने तालुक्याच्या गावी जाताना शेजारच्या आसनावर कोण बसेल याचा विचार करावा लागणाऱ्या मुलीला 'मन मोकळे ठेव' एवढेच सांगणे पुरेसे नाही. अनोळखी माणसाशी मोकळेपणाने बोलण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही.

निष्कर्ष :

१. प्रवासवर्णनातील मैत्र हा केवळ लेखकाच्या स्वभावाचा गुण नसून जात, लिंग, भूमिका आणि आर्थिक स्थिती यांच्या आधारे घडणारा व्यवहार आहे.

२. दिंडी, परिक्रमा, सदावर्त यांसारख्या परंपरागत व्यवस्था एकट्या प्रवाशाला आसरा देतात. मात्र आसरा आणि मैत्री यांतील अंतर त्या स्वतःहून मिटवत नाहीत. ते अंतर 'वाटचाल'मधल्याप्रमाणे कोणीतरी पंगत बदलून मिटवावे लागते.

३. वाटेवरच्या स्नेहाची परीक्षा वाटेवर होत नाही, ती घरच्या उंबरठ्यावर होते. म्हणून समीक्षेने प्रवासी काय घेऊन परतला यासोबत त्याच्या दारी पुढे कोण येऊ शकले, हेही पाहावे.

४. आजच्या सामायिक खोल्यांच्या निवासांत नोंदणी करतानाच ओळखपत्रावरून आडनाव कळलेले असते. त्यामुळे नवे 'सोलो' प्रवासलेखन या जुन्या प्रश्नातून मुक्त आहे, असे गृहीत धरता येत नाही.

या विवेचनाचा हेतू विद्यार्थ्यांना एकट्याने निघण्यापासून परावृत्त करण्याचा मुळीच नाही. त्यांनी अवश्य निघावे. वर्गात प्रवासवर्णन शिकवताना मात्र आपण रसग्रहणाच्या जोडीला दोन साधे प्रश्न ठेवावेत. या लेखकाला दार का उघडले गेले, आणि त्याने नंतर आपले दार कोणासाठी उघडले? दिंडीतल्या त्या निनावी मुलीचा प्रश्न एकट्या इरावतीबाईंना नव्हता. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी वाचणाऱ्यांवर आणि शिकवणाऱ्यांवरही येते.