हशाचे निमंत्रण

चित्रपटाची झलक ही निमंत्रणपत्रिकाच होय. मात्र निमंत्रण कशाचे, हे तिने प्रामाणिकपणे सांगावे. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ (१९६४) या विनोदी चित्रपटाची पाब्लो फेरो यांनी रचलेली झलक या कसोटीस उतरते, असे आम्हांस वाटते. पडद्यावर एकच शब्द क्षणभर झळकतो, लगेच दृश्य, पुन्हा शब्द. सोबतीला तालबद्ध ठेका. प्रश्न तुटक तुटक पुढे सरकतो आणि प्रेक्षक हसता हसता अस्वस्थ होतो, कारण विषय अणुयुद्धाचा आहे. १९६३ साली पोप तेविसावे जॉन यांनी ‘पाचेम इन तेरिस’ या परिपत्रकातून शस्त्रस्पर्धा थांबविण्याचे आवाहन केले होते. पुष्कळ झलकी सारे विनोद दारातच उधळतात. ही मात्र भय लपवीत नाही. हसतानाही विवेक जागा ठेवतो, तोच विनोद आम्ही निर्मळ मानतो.