प्लुटोची पदावनती आणि वाचकांचा विनोद : एक चिकित्सा

प्रस्तावना

विज्ञानविषयक वार्ता वाचून सामान्य वाचक जो विनोद करतो, त्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. विनोद हा गंभीर प्रतिक्रियेचा अभाव होय, असे गृहीत धरले जाते. एकतर वाचकाला वार्ता समजली नाही म्हणून तो हसला, किंवा समजून घेण्याचा कंटाळा आला म्हणून हसला, अशी दोनच स्पष्टीकरणे दिली जातात. मराठी समीक्षेने मात्र विनोदाला इतके हलके कधी लेखले नाही. मराठी विनोदाचे प्रवर्तक मानले जाणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे ज्योतिर्गणिताचेही अभ्यासक होते, ही गोष्ट येथे सूचक आहे. विसंगती हेरणे हे विनोदकाराचे आणि वैज्ञानिकाचे समान काम आहे. विसंगती हेरल्यानंतर दोघे काय करतात, यात खरा भेद आहे.

प्रस्तुत लेखात हा भेद एका प्रकरणाच्या आधारे तपासला आहे. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने 'ग्रह' या संज्ञेची व्याख्या संमत केली आणि प्लुटो ग्रहांच्या यादीतून बाहेर पडला. या वार्तेवर उमटलेल्या विनोदी प्रतिक्रिया विपुल आहेत व त्यांत बरेच वैविध्य आहे. या विनोदात विज्ञानाचे आकलन किती, आणि त्या आकलनातील कोणता भाग विनोदानेच झाकला गेला, हे येथील विवेचनाचे दोन प्रश्न आहेत.

प्लुटो आणि वाचक : नामकरणापासूनचे नाते

प्लुटोच्या बाबतीत वाचकाची प्रतिक्रिया ही नंतर जोडलेली गोष्ट नाही. त्याचे नावच एका वाचकाच्या प्रतिक्रियेतून आले आहे. अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांनी १८ फेब्रुवारी १९३० रोजी हा गोल शोधला व १३ मार्चला शोधाची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑक्सफर्ड येथे एका सेवानिवृत्त ग्रंथपालांनी न्याहारीच्या वेळी ही बातमी घरात वाचून दाखविली. त्यांची ११ वर्षांची नात व्हेनेशिया बर्नी हिने रोमन पुराणातील पाताळाच्या देवाचे नाव सुचविले. आजोबांनी ते खगोलशास्त्रज्ञ हर्बर्ट हॉल टर्नर यांना कळविले, टर्नर यांनी तारेने वेधशाळेला कळविले, आणि १ मे १९३० रोजी ते नाव जाहीर झाले. सूर्यापासून दूर, अंधारात फिरणाऱ्या गोलाला पाताळाच्या देवाचे नाव देणे ही मूलतः एक चपखल कोटी आहे. त्या नावाची पहिली दोन अक्षरे पर्सिव्हल लॉवेल यांच्या आद्याक्षरांशी जुळत होती, हा योगायोगही वेधशाळेला भावला. नातीला आजोबांकडून पाच पौंडांचे बक्षीस मिळाले.

म्हणजे १९३० मध्ये वाचकाच्या चातुर्याला विज्ञानाने आपल्या दप्तरात स्थान दिले. २००६ मध्ये वाचकाचे तेच चातुर्य संस्थेच्या निर्णयाविरुद्ध उभे राहिले. या दोन टोकांच्या मध्ये शास्त्रज्ञांचा स्वतःचा विनोदही आहे. प्रारंभी प्लुटोचे वस्तुमान पृथ्वीच्या जवळपास असावे असे मानले जात होते. पुढे प्रत्येक नव्या मोजणीत ते घटत गेले. १९७८ मध्ये जेम्स क्रिस्टी यांनी त्याचा कॅरन हा उपग्रह शोधल्यावर ते पृथ्वीच्या सुमारे पाचशेव्या भागाइतकेच ठरले. या घसरणीचा आलेख काढून डेस्लर व रसेल या दोन शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये असे 'भाकीत' केले, की याच गतीने प्लुटो १९८४ मध्ये नाहीसा होईल. हा विनोद वाचकांच्या नंतरच्या विनोदाशी ताडून पाहण्यासारखा आहे. त्यात आकडे खरे आहेत. खोटा आहे तो फक्त आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष. त्यामुळे हसता हसता वाचकाला दोन गोष्टी कळतात : प्लुटोविषयीचे ज्ञान कसे बदलत गेले, आणि आलेखाची रेषा आंधळेपणाने पुढे ओढल्यास काय होते.

विनोदाचे तीन प्रकार

२००६ नंतरच्या प्रतिक्रियांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार मानुषीकरणाचा. यात प्लुटो हा नोकरीवरून काढलेला कर्मचारी, पंक्तीतून उठविलेला पाहुणा किंवा घरातून दुरावलेले धाकटे भावंड होतो. 'आमच्या लहानपणी प्लुटो ग्रह होता', असे आजोबांच्या सुरात सांगणारी वाक्ये सदऱ्यांवर छापली गेली. इंग्रजीत ग्रहांची नावे क्रमाने लक्षात ठेवण्यासाठी जे वाक्य पाठ करवितात, त्यात आई नऊ पिझ्झा वाढत असे. प्लुटो गेल्यावर आईने काहीच वाढले नाही, अशी त्याची नवी रूपे झाली. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २००६ या वर्षाचा शब्द म्हणून जे क्रियापद निवडले, त्याचा अर्थच 'प्लुटोसारखी एखाद्याची पदावनती करणे' असा होता. न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणाने २००० मध्येच प्लुटोला अन्य ग्रहांपासून वेगळे मांडले होते. पुढच्या वर्षी ती गोष्ट वृत्तपत्रात आल्यावर तेथील संचालक नील डिग्रास टायसन यांच्याकडे शाळकरी मुलांच्या रागाच्या पत्रांचा ओघ लागला. टायसन यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात त्यांतील काही पत्रे व व्यंगचित्रे संगृहीत केली आहेत.

दुसरा प्रकार संस्थात्मक गांभीर्याच्या विडंबनाचा. व्याख्या संमत झाली त्याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत मांडलेल्या एका ठरावात, या निर्णयामुळे विश्वातील आपल्या स्थानाविषयी साशंक असलेल्या काही नागरिकांना मानसिक इजा होईल, अशी भीती सरकारी भाषेत व्यक्त करण्यात आली होती. न्यू मेक्सिको हे टॉम्बॉ यांच्या अध्यापनाचे राज्य. प्लुटो आपल्या राज्याच्या आकाशातून जात असताना ग्रहच मानला जावा, असे तेथे २००७ मध्ये ठरले. टॉम्बॉ यांचे जन्मराज्य असलेल्या इलिनॉयच्या सिनेटने २००९ मध्ये त्याचे ग्रहपद परत बहाल केले, तर ज्या राज्यात शोध लागला त्या ॲरिझोनाने २०२४ मध्ये प्लुटोला आपला अधिकृत 'राज्यग्रह' केले. यांत थट्टा कोठे संपते व प्रादेशिक अभिमान कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण आहे. परंतु त्यांतील उपरोधाचा रोख स्पष्ट आहे. निसर्गाविषयीचा निर्णय मतदानाने होत असेल, तर मतदानाचा अधिकार आम्हालाही आहे, असे ही विधिमंडळे सुचवितात. प्रागच्या अधिवेशनाला सुमारे अडीच हजार खगोलशास्त्रज्ञ आले होते, आणि अखेरच्या दिवशी मतदानाला त्यांपैकी सुमारे ४२४ उपस्थित होते. त्यामुळे हा उपरोध अगदीच निराधार नव्हता.

तिसरा प्रकार शब्दच्छलाचा, आणि समीक्षेच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. संघाच्या व्याख्येनुसार ग्रह सूर्याभोवती फिरला पाहिजे, स्वतःच्या गुरुत्वामुळे जवळपास गोल झालेला असला पाहिजे, आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असला पाहिजे. प्लुटो तिसऱ्या अटीवर अडतो व 'बटुग्रह' ठरतो. मात्र बटुग्रह ही ग्रहांची उपजात नसून स्वतंत्र वर्ग आहे, असे ठरावात म्हटले आहे. म्हणजे बटुग्रह हा ग्रह नव्हे. या वाक्यावर जगभर कोट्या झाल्या, आणि मराठीत तर ती विसंगती व्याकरणानेच दाखविता येते. 'बटुग्रह' हा विशेषणपूर्वपद कर्मधारय समास आहे व त्यात उत्तरपद प्रधान असते. नीलकमल हे कमळच असते, महाराष्ट्र हे राष्ट्रच. खगोलशास्त्रातही खुजा तारा हा ताराच असतो. सूर्याची गणना त्यातच होते. मग बटुग्रह तेवढा ग्रह का नाही? सभेपुढे हा पेच होताच. जोसलिन बेल बर्नेल यांनी तेथे छत्री व प्लुटो नावाच्या कुत्र्याचे बाहुले हाती घेऊन, ग्रह या संज्ञेच्या छत्राखाली दोन्ही वर्ग घेण्याचा पर्याय समजावून दिला. तो पर्याय सभेने फेटाळला. विनोद करणाऱ्या वाचकाने नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले आहे.

विनोदाची मर्यादा

तिसऱ्या अटीवरही वाचकांनी असाच शब्दच्छल केला. प्लुटो नेपच्यूनची कक्षा ओलांडतो, तर मग नेपच्यूननेही आपला परिसर मोकळा केलेला नाही. गुरूच्या कक्षेत हजारो लघुग्रह फिरतात, तर गुरूही ग्रह नव्हे. 'परिसर मोकळा करणे' ही शब्दयोजना सैल आहे आणि तिच्यावरील टीका रास्त आहे. तथापि, सैल शब्द आणि सैल संकल्पना या दोन वेगळ्या गोष्टी होत. स्टीव्हन सोटर यांनी २००६ मध्ये केलेल्या गणनेनुसार पृथ्वीचे वस्तुमान तिच्या कक्षेच्या पट्ट्यातील अन्य सर्व वस्तूंच्या एकत्रित वस्तुमानाच्या सुमारे १७ लाख पट आहे. प्लुटोच्या बाबतीत हेच गुणोत्तर एकदशांशाहूनही कमी भरते. लाखांतील पट व एकदशांशाहून कमी, यांच्यामधील दरी कोणत्याही कोटीने बुजत नाही. विनोदाने व्याख्येची भाषा उघडी पाडली, पण व्याख्येमागील भेद तसाच राहिला.

मानुषीकरणाच्या विनोदाची मर्यादा याहून गंभीर आहे. पदावनती झालेला प्लुटो हा नायक ठरला, की त्याच्यावर अन्याय करणारा कोणी खलनायक लागतो, आणि ती भूमिका आपोआप शास्त्रज्ञांकडे जाते. 'आकाराला महत्त्व नाही' अशा घोषणांनी तर आकारासाठीच त्याला काढले, असा समज पसरविला. या कथेतून खरे कारणच गळून पडते. माइक ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्लुटोच्या पलीकडे आणखी एक गोल शोधला. तो तेव्हा प्लुटोहून मोठा वाटला होता. आज त्याचा व्यास सुमारे २,३२६ किलोमीटर, म्हणजे प्लुटोच्या सुमारे २,३७७ किलोमीटरपेक्षा किंचित कमी मानला जातो. वस्तुमान मात्र प्लुटोच्या सव्वापट भरते. प्लुटो ग्रह, तर हाही ग्रह. आणि मग त्या पट्ट्यातील असे आणखी किती, याला अंत नव्हता. वाद लावणारा म्हणून या गोलाला ग्रीक पुराणातील कलहदेवतेचे, एरिसचे, नाव देण्यात आले. शास्त्रज्ञांची ही कोटी वाचकांच्या बहुतेक कोट्यांहून सरस आहे, कारण ती कारणाकडे बोट दाखविते. परंतु एरिसशिवायच सांगितली गेलेली प्लुटोची करुण-विनोदी कथा लोकांच्या ध्यानात राहिली.

मराठी वाचकाचा संदर्भ

मराठी वाचकाच्या ठिकाणी या विनोदाला आणखी एक पदर आहे. 'ग्रह फिरले' म्हणणाऱ्या भाषेत नऊ ही ग्रहांची संख्या दोन वेगळ्या अर्थांनी रुजलेली आहे. पंचांगातील नवग्रहांत रवी व चंद्र येतात, राहू व केतू हे चंद्रकक्षेचे छेदनबिंदू येतात. पृथ्वी येत नाही आणि प्लुटोही येत नाही. पाठ्यपुस्तकातील नऊ ग्रह हे निराळेच नऊ होते. दोन्ही याद्यांची संख्या काही काळ जुळली, हा केवळ योगायोग. एक ग्रह कमी झाला तर नवग्रहपूजेचे काय, ही कोटी हा योगायोग खरा मानूनच करता येते. असे असले तरी तिच्यातूनच एक उपयुक्त विचार निघतो. 'ग्रह' शब्दाचा अर्थ यापूर्वीही बदलला आहे. सूर्य व चंद्र ग्रह होते, ते राहिले नाहीत. पृथ्वी ग्रह नव्हती, ती झाली. १८०१ मध्ये शोधलेला सेरेस काही दशके ग्रह म्हणून गणला गेला व नंतर वगळला गेला. प्लुटोचा अपवाद करण्याजोगे काहीच घडलेले नाही.

येथे अध्यापकाचा संबंध येतो. 'काल पुस्तकात नऊ होते, आज आठ झाले. मग उद्या काय खरे मानायचे?' असे विद्यार्थी हसत विचारतो, तेव्हा त्या हसण्यात दोन शक्यता असतात. ज्ञान सुधारत जाते, हे त्याला कळले असेल. किंवा ज्ञान म्हणजे सत्ताधाऱ्यांचा ठराव, असा त्याचा ग्रह झाला असेल. विनोदाचे शब्द दोन्हीकडे तेच असतात. उत्तरात एरिस, सेरेस आणि सोटर यांचे आकडे आले तर पहिली शक्यता बळावते; अभ्यासक्रम बदलला, एवढेच सांगितले तर दुसरी. लस, हवामानबदल, अन्नातील भेसळ अशा विषयांत हीच दुसरी शक्यता महाग पडते. प्लुटोच्या बाबतीत अविश्वासाने कोणाचे नुकसान झाले नाही, म्हणून या प्रश्नाची तालीम येथेच करणे सोयीचे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. वाचकांचा विनोद हा विज्ञानाच्या भाषेचा चांगला परीक्षक आहे. 'बटुग्रह हा ग्रह नव्हे' या वाक्यातील दोष त्याने अचूक दाखविला. तो विज्ञानाच्या संकल्पनेचा परीक्षक मात्र क्वचितच होतो, कारण त्यासाठी आकड्यांपर्यंत जावे लागते. मानुषीकरणावर आधारलेला विनोद वार्ता दीर्घकाळ जिवंत ठेवतो, पण कारण पुसून टाकतो. उत्तम विज्ञानविनोद तोच, ज्यात हसण्याचे निमित्त आणि निर्णयाचे कारण एकच असते. डेस्लर व रसेल यांचा आलेख आणि एरिसचे नाव ही त्याची उदाहरणे होत.

१४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स हे यान टॉम्बॉ यांच्या अस्थींचा अंश घेऊन प्लुटोजवळून गेले. त्याने पाठविलेल्या छायाचित्रांत हृदयाच्या आकाराचा एक उजळ प्रदेश दिसला आणि विनोदाला पुन्हा भरती आली. त्याच छायाचित्रांनी गोठलेल्या नायट्रोजनाची मैदाने व पाण्याच्या बर्फाचे पर्वतही दाखविले. ग्रह म्हणा किंवा बटुग्रह, अभ्यासाला त्यामुळे बाधा आली नाही. बटु म्हटल्यावर मराठी वाचकाला वामन आठवतो. लहान दिसणाऱ्याने किती भूमी व्यापावी, हे त्याला नव्याने सांगावे लागत नाही. अशा वाचकाचे हसू वर्गात थांबविण्याऐवजी त्याच्यापुढे आकडे ठेवले, तर त्याच हसण्यातून प्रश्न विचारण्याची सवय लागू शकते.