उपमा आणि उलगडा

एखादी कठीण गोष्ट 'समजली' असे आपण केव्हा म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता शाळेतला वाटतो. पण धम्माच्या अभ्यासकाला तो टाळता येण्यासारखा नाही. ज्या धम्मात प्रज्ञेला एवढे मोठे स्थान आहे, त्याच्या अनुयायांनी समजणे आणि समजल्यासारखे वाटणे यांतील भेद ओळखलाच पाहिजे. विहारांतील व्याख्यानांतून आणि धम्मविषयक लिखाणातून एक विधान वारंवार कानी पडते : तथागतांनी सांगितलेली अनित्यता आधुनिक क्वांटम विज्ञानाने सिद्ध केली आहे. श्रोते समाधानाने माना डोलावतात. आमचा प्रश्न एवढाच आहे की, त्या क्षणी श्रोत्याला नेमके काय समजले? अनित्यता त्याला आधीच परिचित होती. क्वांटम विज्ञान त्याला आधी ठाऊक नव्हते आणि व्याख्यानानंतरही ठाऊक झालेले नाही. परिचित गोष्टीला एका अपरिचित गोष्टीचा दाखला जोडला गेला, आणि त्यालाच आपण उलगडा म्हणू लागलो.

प्रस्तुत लेखात विज्ञानातील उलगड्याच्या एका प्रसिद्ध उदाहरणाचे आम्ही परीक्षण करणार आहोत, त्याच्या शेजारी पाली वाङ्मयातील उपमेची रीत ठेवणार आहोत, आणि शेवटी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः योजलेल्या एका वैज्ञानिक उपमेकडे वळणार आहोत.

चुंबकाचा प्रश्न

रिचर्ड फाइनमन (१९१८-१९८८) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ १९६५ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होत. १९८३ साली बीबीसीने त्यांच्या मुलाखतींची 'फन टु इमॅजिन' ही मालिका प्रक्षेपित केली. तीत मुलाखतकाराने एक साधा प्रश्न विचारला : दोन चुंबक हातात धरून जवळ आणले की मध्ये काहीतरी ढकलल्यासारखे जाणवते, ते काय असते? फाइनमन यांनी सरळ उत्तर दिले नाही. 'का' हा प्रश्नच काय असतो, हे ते प्रथम सांगू लागले.

त्यांचे उदाहरण असे. मावशी रुग्णालयात का आहे? बर्फावरून पाय घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले म्हणून. हे उत्तर आपल्याला पुरते, कारण हाड मोडलेल्या माणसाला रुग्णालयात नेतात हे आपण गृहीत धरलेले असते. परग्रहावरून आलेल्या पाहुण्याला ते मुळीच पुरणार नाही. म्हणजे प्रत्येक उलगडा ऐकणाऱ्याच्या ठायी आधीच असलेल्या काही समजुतींवर उभा राहतो. त्या नसतील तर उत्तर बरोबर असूनही पोकळ ठरते. पुढे ते म्हणतात की, चुंबक जणू रबराच्या पट्ट्यांनी जोडलेले आहेत असे सांगितले तर ती फसवणूक होईल. रबर तरी का आखडते, असे तुम्ही विचारले की त्याचे उत्तर विद्युत बलांतच शोधावे लागेल. आणि ज्या बलांचा उलगडा करण्यासाठी रबर आणले, तीच ही बले. शिवाय खुर्चीवर हात ठेवला तर तो आरपार जात नाही, याचे आपल्याला कधी नवल वाटत नाही. पण त्यामागेही विद्युत बलेच आहेत. परिचित असणे म्हणजे समजलेले असणे नव्हे, हा त्यांचा मुद्दा आम्हांस मोलाचा वाटतो.

याच मुलाखतीत बर्फ निसरडा का, याविषयीही ते बोलतात. पायाच्या दाबाने बर्फ क्षणभर वितळतो 'असे म्हणतात', अशी सावध भाषा ते वापरतात. ती सावधगिरी योग्यच होती. बर्फाचा द्रवणांक एका अंशाने खाली आणण्यास वातावरणाच्या १३० पटींहून अधिक दाब लागतो. ६० किलो वजनाचा माणूस सुमारे १५० चौरस सेंटीमीटरच्या एका तळव्यावर उभा राहिला, तर तो दाब वातावरणाच्या निम्म्याइतकाही भरत नाही. द्रवणांक अंशाच्या सुमारे तीन सहस्रांशानेच उतरतो. एवढ्याने कडक थंडीतला बर्फ वितळणार नाही. बर्फाच्या पृष्ठभागावरील रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात आणि शून्याखालीही तेथे एक पातळ, सैलसर थर असतो, ही कल्पना मायकेल फॅरडे यांनी १८५० सालीच मांडली होती. या थराचा आणि घर्षणाच्या उष्णतेचा वाटा किती, याची चर्चा अद्याप संपलेली नाही. तरीही दाबाचा उलगडा अनेक पिढ्यांनी शिकविला आणि अनेकांना तो 'समजला'. आकडे मांडून पाहण्याचे मात्र फार थोड्यांना सुचले. समजल्याचे समाधान हा समजल्याचा पुरावा नव्हे, हे येथे अगदी ढळढळीत दिसते.

पायऱ्या कोठे गेल्या?

फाइनमन यांच्या प्रामाणिकपणाविषयी आदर बाळगूनही एक उणीव नोंदविणे आम्हांस अगत्याचे वाटते. तुम्हांला परिचित असलेल्या दुसऱ्या कशाच्या आधारे हे मला सांगता येणार नाही, असे म्हणून ते थांबतात. विद्यापीठाच्या दारात उभ्या असलेल्या श्रोत्याला हे वाक्य आव्हान वाटेल. पण हे तुझ्या आवाक्यातले नाही, असे ज्याच्या पूर्वजांना शतकानुशतके ऐकविले गेले, त्याच्या कानी तेच वाक्य निराळे पडते. कोणता उंबरठा ज्ञानाच्या खऱ्या कठीणपणाचा आणि कोणता मज्जावाचा, हे त्याला बाहेरून कळत नाही. म्हणून कठीण आहे एवढे सांगून शिक्षकाचे कर्तव्य संपत नाही. पायऱ्या किती व कोणत्या, हेही त्याने दाखविले पाहिजे.

चुंबकाच्या बाबतीत त्या पायऱ्या दाखविता येतात. चुंबक मोडला तर उत्तर आणि दक्षिण ध्रुव वेगळे होत नाहीत, प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव असतात. ही पहिली पायरी. तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची वळते, हे ओर्स्टेड यांनी १८२० साली दाखविले, ही दुसरी. त्याच तारेचे वेटोळे केले तर ते चुंबकासारखे वागते, यावरून चुंबकाच्या आत असंख्य सूक्ष्म प्रवाह फिरत असावेत असा तर्क अँपिअर यांनी केला, ही तिसरी. इथवर कोणताही शाळकरी विद्यार्थी येऊ शकतो. पण चौथ्या पायरीवर तिसरी अपुरी ठरते. जुन्या यामिकीच्या नियमांनी फिरणारे विद्युतभार कोणत्याही वस्तूत स्थिर चुंबकत्व टिकवू शकत नाहीत, हे नील्स बोर यांनी १९११ मध्ये आणि हेंड्रिका व्हॅन लेउवेन यांनी १९१९ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले. लोखंडातील चुंबकत्व मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या 'स्पिन' या अंगभूत गुणधर्मातून येते, आणि शेजारशेजारचे स्पिन एका दिशेने का राहतात याचे उत्तर क्वांटम यामिकीतच मिळते. स्पिन या नावावरून भोवऱ्याचे चित्र डोळ्यांपुढे येते; पण इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा गरगरत नाही. हे नाव हीसुद्धा एक उपमाच आहे. प्रत्येक पायरी वर नेते आणि आपली मर्यादाही सांगते, अशा मांडणीला आम्ही उलगडा म्हणू.

ओपम्माची रीत

पाली वाङ्मयात ही रीत नवी नाही. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद विधान ऐकून समाधान मानीत नाही. तो पुन्हा पुन्हा उपमा, म्हणजेच ओपम्म, मागतो. पुनर्जन्म पावणारा तोच की दुसरा, या प्रश्नावर भदंत नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याची उपमा देतात : पहिल्या प्रहरीची ज्योत आणि मधल्या प्रहरीची ज्योत तीच म्हणता येत नाही, आणि दिवे वेगवेगळे होते असेही म्हणता येत नाही. एवढ्यावर न थांबता ते दुधाची उपमा देतात. दुधाचे दही होते, दह्याचे लोणी आणि लोण्याचे तूप. दोन उपमा कशासाठी? दिवा सातत्य चांगले दाखवितो, दूध रूपांतर चांगले दाखविते. एकीचा जो भाग लागू नाही, तो दुसरी झाकू देत नाही. एकच उपमा दिली की मन तिलाच चिकटते. दोन दिल्या की दोन्हींत समान काय, ते शोधावे लागते. हेच शोधणे म्हणजे आकलन.

उपमा कोठे संपते हे सांगण्याची रीतही तेथे आहे. मज्झिमनिकायातील अग्गिवच्छगोत्त सुत्तात विझलेला अग्नी कोणत्या दिशेला गेला, असा प्रश्न तथागत वच्छगोत्ताला विचारतात. पूर्वेला, पश्चिमेला, उत्तरेला की दक्षिणेला? प्रश्नच लागू पडत नाही, हे वच्छगोत्ताला स्वतःच्या तोंडून म्हणावे लागते. आता आपल्या शाळांकडे पाहू. अणू म्हणजे छोटी सूर्यमाला, हे रदरफर्ड यांच्या १९११ च्या आणि बोर यांच्या १९१३ च्या प्रतिकृतीवरून आलेले चित्र मुलांच्या मनात पक्के बसते. मग एखादी हुशार मुलगी विचारते, इलेक्ट्रॉन आत्ता कक्षेत नेमका कोठे आहे? १९२५-२६ नंतरच्या यामिकीत अशी ठरीव कक्षाच उरलेली नाही. प्रश्न चुकीचा नव्हता. उपमा संपली होती, आणि ते तिला कोणी सांगितले नव्हते. 'अभ्यासक्रमात नाही' असे उत्तर मिळाले की दोष आपल्या बुद्धीचा आहे असे ती समजते. आमच्या मते हे नुकसान परीक्षेतील गुणांपेक्षा फार मोठे आहे.

येथे सावध राहिले पाहिजे. तथागतांना इलेक्ट्रॉन ठाऊक होता, असे आम्ही सुचवीत नाही. साम्य आहे ते प्रश्न तपासण्याच्या रीतीत. विषय दोन्हीकडे सर्वस्वी भिन्न आहेत.

उसने वस्त्र

हे भान सुटल्यावर काय होते, याचे उदाहरण फ्रिटजॉफ काप्रा यांच्या १९७५ सालच्या 'द ताओ ऑफ फिजिक्स' या ग्रंथात सापडते. पूर्वेकडील दर्शने आणि नवे भौतिकशास्त्र यांतील साम्य त्यांनी रसाळपणे मांडले, आणि अनेक वाचकांना भौतिकशास्त्राची गोडी लावली, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण सर्व कण एकमेकांवर अवलंबून आहेत, मूलभूत असा कोणताच नाही, हे सांगताना त्यांनी ज्या 'बूटस्ट्रॅप' सिद्धांताचा मोठा आधार घेतला, तो क्वार्कच्या सिद्धांतापुढे मागे पडला. आता प्रतीत्यसमुत्पादाचे काय करावयाचे? तोही मागे पडला असे म्हणावयाचे काय? अर्थात नाही. मग त्या सिद्धांताने तो सिद्ध झाला होता, असेही म्हणता येत नव्हते. जो धम्माला एका काळच्या सिद्धांताच्या खुंटीवर टांगतो, तो खुंटी निखळण्याची जोखीमही पत्करतो.

मागण्डिय सुत्तात एका जन्मांध माणसाची गोष्ट आहे. शुभ्र वस्त्राची स्तुती ऐकून तो ते शोधू लागतो. कोणीतरी त्याला तेलकट, मळका जाडाभरडा कपडा देऊन फसवितो, आणि तो अभिमानाने पांघरून त्याची थोरवी सांगत फिरतो. त्याने कपडा पाहिलेला नसतो. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवलेला असतो. 'क्वांटम' हा शब्द आपण न तपासता पांघरला, तर आपली गत निराळी नाही. कालाम सुत्त रोज उद्धृत करणाऱ्यांनी वैज्ञानिकाच्या नावाने शब्दप्रामाण्य परत आणावे, हे आम्हांस खेदजनक वाटते.

बाबासाहेबांची उपमा

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात शरीर आणि चेतना यांच्या संबंधाची चर्चा करताना बाबासाहेबांनी विद्युत क्षेत्र आणि त्याच्यासोबत येणारे चुंबकीय क्षेत्र यांची उपमा दिली आहे. चुंबकीय क्षेत्र प्रवर्तित असते. तसेच नाते शरीर आणि चेतना यांत का मानू नये, असा त्यांचा प्रश्न आहे. आमचे काही बांधव हा उतारा वैज्ञानिक सिद्धता म्हणून सांगतात. पण बाबासाहेबांनी त्याला उपमाच म्हटले आहे, आणि निष्कर्ष प्रश्नाच्या रूपात ठेवला आहे.

भौतिकशास्त्राशी ताडून पाहिले तर एक भेद दिसतो. स्थिर विद्युतभाराभोवती विद्युत क्षेत्र असते, चुंबकीय क्षेत्र नसते. भार हलू लागला किंवा विद्युत क्षेत्र बदलू लागले, की चुंबकीय क्षेत्र उद्भवते. हे सांगणे काहींना अनादर वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. उतारा सिद्धता मानला तर या भेदाने तो लंगडा पडतो. उपमा मानला तर तिचे काम अबाधित राहते : बाहेरून कोणी नित्य आत्मा येऊन शिरला नाही, तरी एका गोष्टीच्या आश्रयाने दुसरी उद्भवू शकते, हे ती दाखविते. इतकेच नव्हे, हा भेद लक्षात घेतला तर उपमा अधिकच बोलकी होते. कारण मृत शरीरातही रूप असते, चेतना नसते. मात्र या बोलकेपणालाही आपण सिद्धता समजू नये. चेतना कशी उद्भवते, हा प्रश्न विज्ञानापुढे अद्याप खुला आहे. धम्माला नावेची उपमा देणाऱ्या शास्त्याच्या अनुयायांनी पैलतीरी पोहोचण्याआधीच नाव डोक्यावर घेऊन नाचू नये.

तेव्हा विहारातील व्याख्यात्यांना आणि अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची नम्र सूचना आहे. कोणताही उलगडा सांगताना तीन गोष्टी पाहाव्यात. ऐकणारा तो स्वतःच्या शब्दांत शेजाऱ्याला सांगू शकतो काय? आधी सुटत नसलेला एखादा नवा प्रश्न तो त्याच्या बळावर सोडवू शकतो काय? आणि उपमा कोठे संपते, हे त्याला ठाऊक आहे काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी नसतील, तर श्रोत्यांनी मान डोलावली म्हणून समाधान मानू नये. आणि मुलाला समजले नाही म्हणून त्याच्या बुद्धीला बोल तर मुळीच लावू नये. राजा मिलिंदाने मोकळेपणाने आणखी एक उपमा मागितली आणि नागसेनांनी ती न रागावता दिली. आपल्या अभ्यासिकांतील मुलामुलींनाही तेवढे मागता आले पाहिजे, आणि आपल्याला ते देता आले पाहिजे.